उसण समजून पाय लावण्याआधी एक्स-रे काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आईने (वय 71) मोरीतली भरलेली घागर उचलली आणि पाठीत कळ येऊन ती तिथेच खाली बसली. आमच्याकडे याचे निदान ठरलेले, उसण भरली! शेकून झाले, तेल चोळून झाले. तिसऱ्या दिवशी खालच्या गल्लीतल्या पायाळू बाईंना बोलावून पाठीला पाय लावून घेतला. मी शेजारी उभा राहून हसत होतो, हे लिहिताना आज लाज वाटते. त्या रात्रीपासून आईला कूसही बदलता येईना.

खानापूरहून बेळगावला नेले. साध्या एक्स-रेत छाती आणि कंबर जिथे मिळतात तिथला मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपलेला दिसला. त्याच्या वरचा आणखी एक चेपलेला, पण जुना. तो कधी मोडला, कोणाला पत्ता नाही. दोन वर्षांपूर्वी पाठ दुखली तेव्हा एका दवाखान्यात "वय झालं" म्हणत इंजेक्शन आणि कॅल्शियम देऊन परत पाठवले होते, एक्स-रे नाहीच. त्याच सुमारास फडताळाच्या वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी तिच्या हाताला येईनाशी झाली. आम्ही बरणी खालच्या फळीवर ठेवली आणि विसरलो. उंची घटणे ही मणके चेपल्याची खूण असते, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

मग नातेवाइकांचा आग्रह सुरू झाला, "मणक्यात सिमेंट भरून घ्या." डॉक्टरांनी घाई केली नाही. 2009 साली दोन चाचण्यांत खरे सिमेंट भरलेले आणि नुसता भरल्याचा देखावा केलेले रुग्ण यांच्या दुखण्यात फारसा फरक आढळला नव्हता. औषधांनी वेदना आवरतच नसतील तर काही निवडक रुग्णांत त्याचा विचार होतो, असे ते म्हणाले. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मात्र तासभरही थांबायचे नाही. आईला वेदनाशामक, काही दिवस पट्टा आणि लवकरात लवकर चालणे, एवढ्यावर दोनेक महिन्यांत आराम पडला.

पण खरा उपचार तिथून पुढे आहे, आणि तोच बहुतेक घरांत राहून जातो. दुखायचे थांबले तरी हाड ठिसूळच असते, आणि एक मणका मोडला की दुसरा मोडण्याचा धोका वाढतो. आईला आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाची 70 मिलिग्रॅमची गोळी आहे. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. आमच्या मातोश्री ती पहिले तीन रविवार चहाबरोबर घेत होत्या! त्याच कामाचे डिनोसुमॅबचे सहामाही इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते मनाने बंद करू नये, मध्येच सोडले तर मणके पटापट मोडू शकतात.

पायाळू बाईंना मी सगळे सांगितले. हल्ली त्या आधी वय विचारतात.

आपल्या भागातल्या शिबिरांत टाच यंत्रावर ठेवून हाडे तपासतात. ती नुसती प्राथमिक चाळणी झाली. निदानासाठी कंबर आणि खुब्याची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणीच लागते. शिबिरवाल्यांना एकच विनंती, भिंतीला टेप लावून साठीपुढच्या बायकांची उंची मोजा आणि तरुणपणी किती होती तेही विचारा. चार सेंटिमीटर घटली असेल तर पाठीचा एक्स-रे लिहून द्या.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव