माऊस कोणाच्या हातात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'कोडिंग मुलांना आवडतं का हो?' असं पालक हल्ली मला फार विचारतात. तालुक्याच्या गावी मी चौथीला शिकवते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून आहे, पण आमच्याकडे देणगीतून सहा संगणक आले, म्हणून शनिवारी आम्ही चौथीलाच 'स्क्रॅच' दाखवतो. सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरचं मांजर चालवायचं, अशी ही मुलांची संगणकभाषा.

पहिल्याच शनिवारी एका मुलाने मांजराला दहाच्या जागी हजार पावलं दिली. मांजर पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन अडकलं, मागे नुसती शेपटी. वर्ग खो खो हसला, तोही हसला. फळ्यावर गणित चुकलं की हाच मुलगा मान वर करत नाही. "बाई, आता याला मागं कसं आणायचं?" म्हटलं, "आकड्याआधी वजाचं चिन्ह लावून बघ." ऋण संख्या पुस्तकात सहावीला येतात. माझ्या पोरांनी त्या मधल्या सुट्टीआधीच वापरून टाकल्या! गणितज्ञ सिमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा केली, तिच्यातही चूक शोधून दुरुस्त करणं हाच अभ्यास होता.

पण सगळ्यांनाच आवडलं असं नाही. एका संगणकापुढे पाच जण, आणि माऊस धरणारा ठरलेला, ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो. मागे उभ्या मुली म्हणायच्या, "आम्हाला नाही जमत ते." जमत नव्हतं कुठलं, हातच लागला नव्हता. मग मी मोबाइलवर पाच-पाच मिनिटांचा गजर लावला. गजर झाला की माऊस पुढच्याकडे. तिसऱ्या शनिवारी त्यांतलीच एक घंटेआधी येऊन खुर्ची अडवून बसली होती.

पुढे शाळेत ठरलं, याचीही दहा गुणांची चाचणी घ्यायची. 'प्रोग्राम म्हणजे काय? दोन ओळींत लिहा.' मुलांनी व्याख्या घोकल्या, गुणही छान पडले. नंतरच्या शनिवारी तोच हजार पावलांवाला मुलगा बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघून विचारत होता, "बाई, हे बरोबर आहे ना?"

पाचवीपर्यंत तरी या तासाला गुण ठेवू नयेत, एवढीच विनंती. आणि सहावीचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी आधी एका संगणकापुढे किती मुलं बसणार, ते मोजावं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा