अ‍ॅव्हरेज ही गाडीची नाडी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मोटारसायकलवरच्या लांब सफरींचा लेख वाचला. 'अ‍ॅव्हरेज देणारी गाडी' आणि 'दगा न देणारी गाडी' असे दोन गट पाडून लेखकाने वाचकाला त्यातला एक निवडायला लावलं आहे. वीसेक वर्षं गाडीला सामान बांधून हिंडल्यावर मला हे काही पटत नाही. गाडी दगा देणार असेल तर त्याची कुणकुण बहुतेक वेळा अ‍ॅव्हरेजमध्येच आधी लागते.

माझ्या टँकबॅगेत एक छोटी वही असते. दर वेळी गाडी डबल स्टँडवर घ्यायची, टाकी एकाच खुणेपर्यंत भरायची, किलोमीटर आणि लिटर लिहायचे आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. सोबतचे लोक यावर यथेच्छ हसतात. चार वर्षांपूर्वी एका सफरीच्या तिसऱ्या दिवशी लिटरमागे ४२ किलोमीटरचा आकडा ३६ वर आला. रस्ता आदल्या दिवसासारखाच सपाट, वेग तोच, समोरून वारा नाही, इंजिनाचा आवाजही खणखणीत. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली तर जड लागली. मागच्या ब्रेकच्या डिस्कवर बाटलीतल्या पाण्याचे थेंब टाकले, ते चर्रकन वाफ होऊन उडाले. कॅलिपरची, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन सुकून अडकली होती आणि पॅड सुटतच नव्हते. पिन काढून, पुसून, ग्रीस लावून बसवायला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी लांबलचक उतार होता. तापलेल्या कॅलिपरमध्ये ब्रेक ऑइल उकळलं असतं तर पेडल पायाखाली पोकळ गेलं असतं. वही नसती तर हे मला त्या उतारावरच कळलं असतं.

अर्थात आकडा पडला म्हणजे बिघाडच, असंही नाही. पहिला संशय स्वतःच्या मनगटावर, म्हणजे पिळलेल्या थ्रॉटलवर घ्यावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो आणि तो कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. त्यात दोन्ही बाजूंना पॅनियर (सामानाच्या पेट्या) लटकवले की आणखी भर. इथेनॉलचंही तसंच. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, त्यामुळे २० टक्के मिश्रण भरल्यावर आकडा थोडा उतरला तर मेकॅनिकला दोष देऊ नये.

हे सगळं वजा करूनही घट उरली, तर मात्र खाली वाकून बघावं. टायरमधली हवा (टायर गार असताना, आणि डबलसीटचा आकडा वेगळा असतो हे लक्षात ठेवून), मग चेन. चेन सैल आहे का हे सगळे बघतात, पण चाक पूर्ण फिरवून ती एखाद्या जागी ताठ होते का, हे फार थोडे बघतात. तशी झाली तर चेन असमान ताणली आहे किंवा तिच्या कड्या अडकल्या आहेत. सैल जागा बघून ती आवळली, तर तीच ताठ जागा पुढे बेअरिंग खाते. धुळीच्या रस्त्यांनंतर एअर फिल्टर.

आणि अ‍ॅव्हरेजच्या वेडापायी गाडीची वाट लावणारेही असतात, हेही कबूल करतो. चढावर टॉप गिअर न सोडता इंजिन कुंथत रेटणारे, किंवा थेंबन् थेंब संपेपर्यंत रिझर्व्हवर फिरणारे. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो आणि त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. टाकी सतत तळाला गेली की पंप तापतो, आणि तो आडरानात बसला तर वाचवलेलं लिटरभर पेट्रोल काय कामाचं?

लेखातल्या तक्त्याबद्दल एक विनंती. त्यातले आकडे कंपनीचे, म्हणजे प्रयोगशाळेत ठरावीक वेगचक्रावर काढलेले दिसतात. पुढच्या भागात लेखकांनी स्वतः मोजलेला आकडा द्यावा आणि त्याशेजारी वेग, सामान आणि मागे कुणी बसलं होतं की नाही, एवढं छापावं.

आपला,
एक वाचक