जिनिंगात माणूस टिकत का नाही, हे कोणी विचारलं का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जिनिंगवाल्यांना, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांना, मजूर मिळून नाही राह्यले, फुकट रेशन आणि लाडकी बहीणच्या पैशानं लोकं आळशी झाले, असं एका मालकाचं म्हणणं तुमच्या पेपरात वाचलं. मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगात वजनकाट्यावर असतो. नाव छापू नका, उद्या कामावर जायचं आहे.

आळशी असते तर हीच लोकं कापूस वेचायला गेली असती का? वेचणी काही सोपी नाही, कंबर मोडते, बोंडांनी बोटं सोलून निघतात. पण बाया टोळीनं जातात, आपापली ओळ धरतात, गप्पा चालू असतात, पाणी प्यावंसं वाटलं तर पितात, अन् संध्याकाळी काट्यावर आपला किलोचा आकडा आपल्या डोळ्यांनी दिसतो.

आता आमच्याकडं बघा. ढिगाऱ्यावर उभा राहून कापूस मशीनकडं ओढून नेणाऱ्या सक्शनच्या नळीकडं लोटायचा, मधात काडी, सुतळी, प्लास्टिक दिसलं तर काढायचं, बस, बारा बारा तास हेच. पापण्यांवर रुई, तोंडाला दुपट्टा, आवाज इतका की शेजारच्याशी बोलता येत नाही. तो कापूस पुढं कोणत्या गाठीत गेला, चांगला निघाला की नाही, काही कळत नाही, गाठीत कचरा निघाला की शिव्या मात्र तेव्हाच कळतात. पाण्याला जायचं तरी मुकादमाला विचारा. एक पोरगा आठवड्यात सोडून गेला, म्हणे, "भाऊ, पैशाचं नाही, दिवसभर त्या नळीचं तोंडच पाहून रायलो, डोकं फिरते."

अन् त्याच धुळीत आमचा फिटर दरवर्षी न चुकता येतो. पगार जास्त आहे हे खरंच, पण मशीनचा आवाज ऐकून रोलर घासला का सुरी सरकली हे तो ओळखतो, केव्हा बंद करायचं ते तोच ठरवतो, अन् दुरुस्त झालं की समोर रुई पडताना दिसते. रात्री दोनला उठवलं तरी कुरकुर नाही. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात हेच मांडलं होतं, की कामात विविधता, पूर्ण वस्तू आपल्या हातून होणं, कामाचं महत्त्व, मोकळीक अन् काम कसं झालं याची खबर असली तर माणूस रमतो.

मालक म्हणतील हे पुस्तकी आहे. मग अहमदाबादचं बघा. १९५३ मध्ये कॅलिको या कापड मिलच्या ऑटोमॅटिक मागांच्या शेडमध्ये २२४ मागांवर २९ माणसं होती अन् कामाचे तुकडे बारा, कोण कोणासोबत हेच ठरलेलं नव्हतं. ए. के. राइस नावाच्या इंग्रज अभ्यासकानं छोट्या टोळ्यांना आपापले माग देण्याचं सुचवलं, अन् माणसं कशी बसवायची ते तिथल्या सुपरवायझर-कामगारांनीच ठरवलं. माल वाढला, खराबा कमी झाला. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात तर ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त दिसला.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी दिली, पण ती केव्हा घ्यायची हे टोळीनं आपसात ठरवायला कोणी मनाई केली नव्हती, तरी मालकांनी ती मुकादमाच्या हातातच ठेवली. नळी, जिन (सरकी काढायचं मशीन) अन् प्रेस (गाठी दाबायचं मशीन) यांवर दर दोन तासांनी माणसं फिरवा, रोज संध्याकाळी टोळीला सांगा की आज इतक्या गाठी झाल्या अन् कचरा इतका निघाला. याला खर्च किती? अन् हे सांगून मजुरी दाबायची असेल तर राहू द्या, मजुरी अन् धुळीचा बंदोबस्त आधी लागतोच.

दिवाळीनंतर हंगाम सुरू होईल. तुमचा वार्ताहर पुढच्या वेळी आला तर मालकाच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत जाऊ नये, ढिगाऱ्यावरच्या माणसालाही दोन मिनिटं विचारावं, मुकादम नसताना.

आपला,
एक काटावाला
ता. हिंगणघाट, जि. वर्धा