माईंच्या तोंडाची चव

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. माईंनी आमटीचा पहिलाच घास थुंकला, "कडूजहर झालीय" म्हणाल्या, आणि सुलूवहिनी मोरीशी जाऊन रडल्या, हे तू सांगितलंस तेव्हा मला काही बोलायलाच सुचलं नाही. ज्या बाईला कुळथाच्या पिठीत मीठ कमी पडलंय हे नुसत्या वासावरून ओटीवर बसून कळायचं, तिच्या जिभेने तिला असं फसवावं! फोनवर जे जमलं नाही ते लिहून पाठवतोय. वहिनींनाही वाचायला दे.

पहिलं त्यांना सांग की आमटी चांगलीच झाली होती. माई खोटं बोलत नाहीत आणि वहिनींचा हातही बिघडलेला नाही. चव लागते ती लाळेतून. पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला तो कळतच नाही. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण एक लिटर लाळ सुटते, आपल्याला पत्ताही नसतो. ती आटली की भात भुशासारखा आणि पोळी पुठ्ठ्यासारखी लागते. त्यात चवीच्या पेशी दर दहाएक दिवसांनी नव्याने तयार होत असतात. कॅन्सरवरची केमो भराभर वाढणाऱ्या पेशींनाच आधी गाठते, त्यामुळे त्याही सापडतात. कुणाला सगळं कडू लागतं, कुणाला लोखंड चाटल्यासारखं.

आमच्या अण्णांना चहा गंजक्या डब्यातल्या पाण्यासारखा लागायचा. एका सकाळी आईने तीनदा चहा केला. तिसरा कप त्यांनी बाजूला सारला तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो, "तिच्या हाताला काय झालंय, सांगा तरी!" ते काहीच बोलले नाहीत, नुसती जीभ टाळूला लावून सोडवत राहिले. चिकटलेला कागद सुटावा तसा बारीक आवाज यायचा. तो आवाज आजही माझ्या कानात आहे, नंदू. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

अण्णांचा फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. आम्ही दर पंधरा दिवसांनी ओपीडीत जायचो. फाइल बघितली जायची, वजन व्हायचं, दुखतंय का विचारलं जायचं. तोंड उघडून मात्र महिनाभर कुणी पाहिलं नाही, आणि आम्हीही दाखवलं नाही. एवढं मोठं दुखणं असताना तोंड कोरडं पडतंय ही काय सांगायची गोष्ट, असं वाटायचं. शेवटी घरी येणाऱ्या पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखण्याचा त्रास कमी करायला बघणाऱ्या, सिस्टरांनी एक दिवस कवळी काढायला लावली आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. टाळूवर दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे पांढरे चट्टे होते. पुसले की खाली लालभडक. बुरशी होती ती. डॉक्टरांनी औषध दिलं, कवळीही रोज रात्री काढून औषधाच्या पाण्यात ठेवायला सांगितली, नाहीतर तिच्यातूनच परत येते. आठवड्याभरात अण्णा म्हणाले, "आज ताक ताकासारखं लागलं." म्हणून आधी माईंच्या तोंडात टॉर्च मारून बघ. जीभ, टाळू, गालांच्या आतली बाजू, कवळीखाली. पांढरं, लाल, चिरलेलं काहीही दिसलं तर फोटो काढून डॉक्टरांना दाखव.

तू गोळ्यांचा फोटो पाठवलास त्यात मॉर्फिन आहे, रात्रीची ॲमिट्रिप्टिलीन आहे, उलटीची गोळी आहे. या सगळ्यांनी तोंड कोरडं पडतं. पण तुझा भाऊ म्हणतो तसं मॉर्फिन आपल्या मनाने कमी करू नका, हात जोडून सांगतो. वेदना परत उसळली तर माई खाणं सोड, कूसही बदलू शकणार नाहीत. यातलं काही बदलता येईल का, एवढं डॉक्टरांना विचार. तुमचे पेपर टाटा कॅन्सर हॉस्पिटलचेच आहेत, तिथे पॅलिएटिव्हची वेगळी ओपीडी आहे, तिथे विचार.

आता हाताने करायचं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा. त्याने दिवसातून चार-सहा वेळा चूळ, गिळायची नाही. चूळ भरवत नसेल तर गॉजचा तुकडा त्यात भिजवून, पिळून, बोटाला गुंडाळून हलक्या हाताने तोंड पुसून काढ. दात असतील तिथे लहान मुलांचा मऊ ब्रश. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलने तोंड आणखी सुकतं. ग्लिसरीनचा बोळा फिरवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण घटकाभर बरं वाटून नंतर तोंड जास्तच कोरडं होतं. उशाशी पाणी असू दे. दर थोड्या वेळाने घोटभर, पाठीशी उशी देऊन, कधीही आडवं असताना नाही.

जेवणाचं म्हणशील तर गरम वाफाळतं ताट पुढे नेऊ नका, वासानेच मळमळतं. गार किंवा कोमट, पातळसर, वाटीभर. दहीभात सैल कालवून. स्टीलचा चमचा बाजूला ठेवून प्लॅस्टिकचा घ्या, लोखंडी चव जरा कमी होते. तोंडात जखम नसेल तर आंबट उपयोगी पडतं, लाळ सुटते. तुमच्याकडे तर कोकम घरचं.

आणि "माझ्यासाठी एक घास" म्हणणं बंद करा. हे लिहिताना मला आईचा चेहरा दिसतो. अण्णा तिच्यासाठी घास घ्यायचे आणि तो गालात धरून ठेवायचे, ती वळली की रुमालात काढायचे. पुढे पुढे माईंची भूकच मिटत जाईल. ती दुखण्यामुळे मिटते, तुम्ही कमी पडलात म्हणून नाही. तेव्हा शेजारीपाजारी म्हणतीलच, "एक सलाईन तरी लावा." अण्णांना आम्ही लावलं होतं. पाय सुजले, छातीत घरघर वाढली, आणि ओठ मात्र तसेच फुटलेले राहिले. सिस्टरांनी ते थांबवून आईच्या हातात ओला गॉज दिला. आई तासातासाने त्यांचे ओठ आणि जीभ ओली करायची. बोलणं बंद झालं होतं, पण ओला गॉज लागला की अण्णा तो लहान मुलासारखा चोखायचे आणि कपाळावरची आठी जायची. शेवटच्या रात्री तिने तसंच तुळशीचं पान बुडवलेलं पाणी दिलं.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने चिपळूणला येतोय, दोन दिवस राहीन. रात्रीची जागरणं माझ्याकडे दे, तू झोप. वहिनींना सांग, कोकमचं सरबत जरा फिकं करून बर्फाच्या ट्रेमध्ये लावून ठेवा. त्याचे अगदी बारीक खडे करून, माईंना नीट गिळता येत असेल तरच, जिभेवर ठेवायचे. माईंना माझा नमस्कार सांग. सांग की बाळ्या येतोय, पण या वेळी पिठी मागणार नाही.

तुझा,
बाळू