गच्चीवरचा पत्रा आणि वळवाचा वारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या वळवात शेजारच्या गच्चीवरच्या शेडचा अख्खा पत्रा उडाला आणि आमच्या दारातल्या मोटारसायकलीवर आदळला. पोरं तिथून नुकतीच घरात आली होती. सकाळी पत्रा उचलताना पाहिलं, हुकांची भोकं फाटून लांबट झालेली. वॉशर एकाही हुकाला नव्हता.

शेड करणारा वेल्डर म्हणाला होता, "हत्ती चढवा वर, काय होत न्हाई." त्याचं खोटं नाही. पण हत्ती वरून दाबतो, वारा खालून उचलतो. उघड्या शेडच्या पोटात तो शिरतो आणि त्याच वेळी वरूनही पत्रा ओढतो.

माझा भाचा फ्लोरिडात असतो. घरामागे लाकडी डेक आणि त्यावर छप्पर करायचं, तर त्याला आधी नकाशा देऊन परमिट काढावं लागलं. खांबांचे खड्डे काँक्रीट ओतण्याआधी तिथल्या सरकारी तपासनीसांनी तपासले. छप्पर तुळईला, तुळई खांबाला, खांब पायाला लोखंडी पट्ट्यांनी जखडलाय का, तेही नंतर बघून गेले. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात मायामीच्या दक्षिणेला हजारो घरं पडली, तेव्हा ढिसाळ तपासणी उघडी पडली. २००२ पासून सबंध राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली.

कोल्हापूर म्हणजे फ्लोरिडा नव्हे, मान्य. तौक्ते चक्रीवादळसुद्धा २०२१ मध्ये समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. पण पत्रा उडायला चक्रीवादळच लागतं असं नाही. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडेही आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. आमच्या गल्लीतल्या वेल्डरला तो कुणी दाखवलेला नाही, एवढंच.

महापालिकेला विनंती आहे की, गच्चीवरच्या शेडसाठी चौरस फुटांबरोबर जोडणीही बघावी. खांबाची बेसप्लेट, म्हणजे तळाची लोखंडी पाटी, स्लॅबला अँकर बोल्टने धरलीय की अँगल नुसता कठड्याच्या विटांत खोचलाय? कडेला आणि कोपऱ्यांत हुक जवळजवळ आहेत का? पत्रा सुटतो तो तिथूनच. पत्रे चढण्याआधी अभियंत्याने एकदा गच्चीवर यावं. आणि साध्या शेडचा तयार नकाशा फुकट मिळावा. खेपा घालायला लागल्या तर कोण अर्ज करतंय?

शेजाऱ्यांशी आमचं भांडण नाही. त्यांनी नवा पत्रा बसवलाय आणि तो उडू नये म्हणून वर चार दगड ठेवलेत. आता वारा सुटला की आम्ही दगडांकडेही बघत बसतो.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर