मेडिकलातल्या ताईंना जाहीर आभार

ताई,

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. कुडाळ तालुक्यातले निम्मे लोक तसेही ओळखतील.

बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवल्यापासून त्यांना वॉरफॅरिन, म्हणजे रक्त लवकर गोठू न देणारी गोळी, चालू आहे, जन्मभरासाठी. जास्त झाली तर रक्तस्राव, कमी पडली तर झडपेवर गुठळी. डॉक्टरांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा तपासणीचा आकडा, २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायला सांगितलाय. एवढं ठाऊक होतं. पण तोच डोस असताना आकडा का हलतो, हे कुणी बसून सांगितलं नव्हतं. बाबांचं म्हणणं, "गोळी पोटात गेली की काम झाला."

लावणीच्या दिवसांत आशाताई लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा ताप, होऊ नये म्हणून गोळ्या देऊन गेल्या. डॉक्सीसायक्लिन, आठवड्यातून एकदा. चिखलात उतरणाऱ्यांना ती नवीन नाही. बाबांची पट्टी घ्यायला आलो तेव्हा मी ते सहज बोललो आणि तुम्ही पट्टी परत काउंटरवर ठेवलीत. "घेतली, की घ्यायचीय?" डॉक्सीने वॉरफॅरिनचा जोर वाढू शकतो, म्हणून तुम्ही डॉक्टरांना स्वतः फोन लावलात. त्यांनी डॉक्सी थांबवली नाही, लेप्टोही काही साधा आजार नाही. फक्त आयएनआर लवकर करून घ्यायला सांगितला. डॉक्सी दुधाबरोबर नको, कॅल्शियम तिला आतड्यातच अडकवतं. पेलाभर पाणी प्या आणि लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. हेही तुम्हीच सांगितलंत.

दुसऱ्या खेपेला बाबांना घेऊन आलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वॉरफॅरिन आतड्यातून जवळजवळ सगळं रक्तात जातं, पण शंभरातले नव्याण्णव भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतात. "एसटीत बसलेत असं समजा. उतरतो तो एकच, आणि कामही तोच करतो," असं तुम्ही म्हणालात तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले. यकृतात के जीवनसत्त्वाच्या जोरावर रक्त गोठवणारे घटक तयार होतात. वॉरफॅरिन तिथेच आडवं येतं. आधी तयार झालेले घटक मात्र रक्तात असतातच. त्यातला एक निम्म्यावर यायला अडीच-तीन दिवस घेतो, म्हणून आज बदललेल्या डोसाचा परिणाम उद्या दिसत नाही. शेवटी यकृतच वॉरफॅरिन मोडतं. त्या कामात दुसऱ्या औषधाने खोडा घातला की वॉरफॅरिन रक्तात साचत जातं.

मग तुम्ही विचारलंत, "श्रावण पाळता?" हा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारला नव्हता. आषाढात आमच्याकडे रोज मासळी, आणि श्रावण लागला की टाकळा, शेवग्याचा पाला, अळू. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व भरपूर. ते एकदम वाढलं की वॉरफॅरिनचा जोर उतरतो. टाकळा सोडायचा का, असं बाबांनी घाबरून विचारलं. तुम्ही म्हणालात, सोडू नका, बारा महिने पालेभाजी साधारण सारखीच खा. एका महिन्यात रोज आणि दुसऱ्यात अजिबात नाही, असं मात्र नको. गुडघे दुखले तर मनाने डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे तुम्ही दोनदा बजावलंत. बाबांचा स्वभाव तुम्ही ओळखलात.

वॉरफॅरिन आधी उंदीर मारायला वापरलं जायचं आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले, हे मात्र तुम्ही बाबांसमोर सांगायला नको होतं. आता पट्टी उघडताना दर वेळी आईला ऐकवतात.

तपासणीचे आकडे मी वहीत लिहायला लागलोय. बाजूला त्या आठवड्याची भाजी आणि नवीन औषध. पुढच्या पट्टीच्या वेळी वही आणतो. बाबा कोकमाच्या आगळाचं विचारणार आहेत, तयारीत राहा.

मनापासून आभार, ताई.

तुमच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा