११ ऑस्कर आणि तुझी निराशा

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. ‘ज्या सिनेमाला ११ ऑस्कर मिळाली, जो बघून हॉस्टेलमधल्या सगळ्या मैत्रिणी रडल्या, तो मला आवडला नाही, म्हणजे मला सिनेमा कळतच नाही का?’ असं तू टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरच्या सिनेमाबद्दल, त्याच्या तिसऱ्या भागाबद्दल विचारलंस. वर कुणीतरी तुला ऐकवलं की पुस्तक आधी वाचलेल्यांना नाक मुरडायची सवयच असते. ते तुला लागलं, हे तुझ्या आवाजावरून समजलं.

तुला सिनेमा नीट कळला आहे. तुला जे खटकलं ते खरोखर तिथे आहे. फक्त ते नेमकं काय, हे शोधून सांगता आलं पाहिजे. ‘पुस्तक जास्त चांगलं आहे’ एवढ्यावर भागत नाही. समोरचा ‘असणारच’ म्हणतो आणि विषय संपतो.

आधी कौतुकाचं बघू, कारण ते फुकाचं नाही. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ला २००४ साली ११ नामांकनं होती आणि ११ही पुरस्कार मिळाले. इतके पुरस्कार त्याआधी फक्त ‘बेन-हर’ आणि ‘टायटॅनिक’ यांनाच मिळाले होते. अद्भुतकथेवरच्या सिनेमाला सर्वोत्तम चित्रपटाचा मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने तीनही भाग न्यूझीलंडमध्ये एकत्र चित्रित केले. हॉबिट, म्हणजे कथेतल्या बुटक्या लोकांचं गाव उभारताना तिथली झाडंझुडपं चित्रीकरणाच्या बऱ्याच आधी लावून वाढू दिली, म्हणून ते गाव राहतं वाटतं. टॉल्किनच्या जगाची चित्रं वर्षानुवर्षं काढणारे ॲलन ली आणि जॉन हाऊ यांनाच त्या कामावर बोलावलं. हॉवर्ड शोरचं संगीत मला आजही ऐकावंसं वाटतं. अँडी सर्किसने अंगठीच्या मोहाने पछाडलेला गॉलम असा उभा केला की पुस्तक पुन्हा वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू येतो. बोरोमीरचं मरण तर पुस्तकात जवळजवळ पडद्याआडच घडतं. सिनेमात ते पूर्ण दिसतं, आणि ते मला पटलं. तुझ्या मैत्रिणी रडल्या, त्या उगाच रडल्या नाहीत.

काही गाळलं म्हणून मी रुसणार नाही. हजाराहून जास्त पानांचं पुस्तक, त्यातलं बरंच काही जाणारच. ग्लोरफिंडेलच्या जागी आर्वेन घोड्यावरून आली, तरी मला त्रास झाला नाही. मला दुखतं ते एकाच प्रकारच्या जागांवर. या कादंबरीत फ्रोडो आणि त्याचा माळी सॅम हे दोन हॉबिट शत्रूची सत्तेची अंगठी ज्वालामुखीत नष्ट करायला निघतात, पण तिच्यात सगळ्यात मोठी कामं नाकारण्याची आहेत. कुणी सत्ता नाकारतं, कुणी सूड नाकारतं, कुणी मारता येत असताना सोडून देतं. आणि सिनेमा अशा जागी आला की बहुतेक वेळा तिथे झटापट तरी घालतो, नाहीतर ती जागा काढूनच टाकतो.

गोंडोर राज्याचा सेनानी फॅरामीर घे. तुझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावरून आहे, आणि माझाही. पुस्तकात धबधब्यामागच्या गुहेत सॅमच्या तोंडून चुकून अंगठीचं नाव निघतं. दोन हॉबिट एकटे, भोवती फॅरामीरची माणसं. तो उठून उभा राहतो आणि म्हणतो, गोंडोरच्या सेनानीला आपली योग्यता दाखवायची ही संधी! वाचताना छातीत धस्स होतं. आणि मग तो खाली बसतो नि हळूच हसायला लागतो. ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, असं तो आधीच बोलून गेलेला असतो, आणि तो शब्द पाळतो. त्यांना शिधा देतो, हातात काठ्या देतो, पुढच्या वाटेबद्दल सावध करतो आणि जाऊ देतो. सिनेमात तेच योग्यतेचं वाक्य आहे, पण ते म्हणून तो दोघांना बांधून गोंडोरच्या ऑस्गिलिअथ शहरात घेऊन जातो. शब्द तेच, माणूस उलटा.

याचं कारण पटकथा लिहिणाऱ्यांनी दिलेलं आहे, आणि ते प्रामाणिक आहे. अंगठी भल्याभल्यांना भुलवते असं इतका वेळ दाखवल्यावर एखादा तिला सहज नाही म्हणाला, तर तिची भीती कमी होईल, असं त्यांना वाटलं. शिवाय शेलॉब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे दुसऱ्या भागाला शेवटाकडे एक चढण हवी होती. दुसरं कारण मला कळतं. पहिलं अजिबात पटत नाही. अंगठी माणसाच्या मोठं होण्याच्या इच्छेला धरून आत शिरते. फॅरामीरला मोठं व्हायचंच नाही. तलवार तिच्या धारेसाठी आवडत नाही, जे ती राखते ते आवडतं, असं तो सांगतो. त्याचा भाऊ बोरोमीर याच मोहात गेला, हे त्याच्या मनात ताजं आहे. अशा माणसाने नकार दिला की अंगठीचं बळ कशात आहे ते उलट जास्त स्पष्ट होतं. सॅमचंही तसंच. फ्रोडो मेला असं समजून तो अंगठी घेतो, तेव्हा आपल्या एका शब्दावर शत्रूचं ओसाड मॉर्डोर सगळं बागेसारखं फुलेल असं त्याला दिसतं. पण स्वतःच्या हातांनी राखता येईल एवढी बाग आपल्याला पुरे, हे त्या माळ्याला माहीत असतं. सिनेमात यातलं काहीच उरत नाही. तिथे अंगठी परत देताना तो क्षणभर अडखळतो, तेवढंच.

आता शेलॉबच्या बोगद्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांचा प्रसंग. तू त्याबद्दल काही बोलली नाहीस, पण मला वाटतं तुझं कोरडेपण तिथून सुरू झालं असावं. सिनेमात गॉलम लेंबासचा, म्हणजे त्यांच्या वाटेतल्या शिदोरीच्या भाकरीचा, चुरा सॅमच्या अंगावर टाकतो, फ्रोडोला खरं वाटतं आणि तो सॅमला घरी परत जायला सांगतो. पुस्तकात असं काहीच नाही. दोघं शेलॉबच्या बोगद्यात बरोबरच शिरतात. त्या पायऱ्यांवर पुस्तकात जे घडतं ते फार वेगळं आहे. दोघं थकून झोपलेत, फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर. गॉलम परत येतो आणि बघत राहतो. त्या घडीला तो एक म्हातारा, उपाशी, जगून जगून थकलेला हॉबिट दिसतो. तो हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला अगदी हलकेच शिवतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याला तोडून बोलतो. झालं, ती घडी निघून जाते. गॉलम बदलू शकला असता, तो पुन्हा कधीच बदलत नाही. टॉल्किनने १९६३ साली एका पत्रात लिहिलं आहे की त्याला स्वतःला सगळ्या कथेतली बहुधा सर्वांत दुःखद जागा हीच वाटते.

लेखकाला जी जागा सगळ्यात दुःखाची वाटते, तिथे सिनेमाने कुभांड घातलं. कुभांडात एक दुष्ट असतो आणि दोघं फसतात. पुस्तकात दुष्टपणाचा सगळा भार गॉलमवर टाकता येत नाही. सॅमसारखा सोन्यासारखा माणूस, केवळ थकवा आणि मायेपोटी, कठोर बोलतो आणि त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. सॅमवर माझं फार प्रेम आहे, म्हणून तो प्रसंग मला वाचवत नाही, आणि म्हणूनच तो हवा होता. सिनेमात सॅम निष्कलंक राहतो, आणि त्यामुळे लहान होतो.

ज्वालामुखीच्या कड्यावर तर हे उघडच दिसतं. पुस्तकात फ्रोडो शेवटी हरतो, अंगठी आपली म्हणतो. गॉलम ती त्याच्या बोटासकट तोडून घेतो, आनंदाने नाचतो आणि पाय घसरून पडतो. जग वाचतं ते आधी, अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने आणि मग फ्रोडोने गॉलमला जिवंत सोडलं म्हणून. सिनेमात दोघांची झोंबाझोंबी होते आणि तीत तो पडतो. इतक्या मागून चालत आलेली दया शेवटच्या क्षणाला झटापटीखाली झाकली जाते.

आणि शायर, हॉबिटांचा मुलूख. माझ्या मते खरा घाव इथे आहे. सिनेमात फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिप्पिन असे चौघं घरी येतात, गाव होतं तसंच हिरवंगार, लोक आपल्या भोपळ्यात दंग. ते गुत्त्यात गप्प बसून एकमेकांकडे बघतात. तो प्रसंग सुरेख आहे, आपण काय पाहून आलो हे इथे कुणालाच कळणार नाही, ते त्या चार चेहऱ्यांवर दिसतं. पण पुस्तकात गावच उरलेलं नसतं. दुष्ट जादूगार सारुमानच्या माणसांनी झाडं तोडलेली, बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी ज्या झाडाखाली झाली तेही आडवं पडलेलं, ओढ्यात घाण, घरोघरी नियमांच्या पाट्या. आणि कितीतरी हॉबिट मुकाट्याने ते पाळणारे. चौघांना पुन्हा लढावं लागतं. १९ हॉबिट मरतात. त्या लढाईत फ्रोडो तलवार उपसत नाही. शस्त्रं टाकलेल्यांना आपल्या माणसांनी मारू नये म्हणून तो मधे उभा राहतो. सारुमान त्याच्यावर सुरा चालवतो, तरी त्यालाही जाऊ द्या म्हणतो.

‘द रिटर्न ऑफ द किंग’ आधीच २०१ मिनिटांचा आहे. अंगठी नष्ट झाल्यावर आणखी एक लढाई प्रेक्षकांना झेपली नसती, हे मान्य. पण हेल्म्स डीपची लढाई पुस्तकात एका प्रकरणात आटपते, आणि ‘द टू टॉवर्स’चा केवढा मोठा भाग तिने खाल्ला आहे! वेळ होता, तो लढाईला दिला गेला. गोंडोरच्या राजधानीत, मिनास तिरिथला, शेवटी हिरव्या भुतांची लाट येऊन शत्रूला पुसून टाकते; पुस्तकात मेलेल्यांचं सैन्य फक्त दूर नदीकाठी शत्रूच्या जहाजवाल्यांना घाबरवून जातं, आणि त्या जहाजांतून लढायला येतात ती जिवंत, मरू शकणारी माणसं.

शायरच्या त्या प्रकरणाला माझ्या मनात इतकी जागा का, ते तुला ठाऊक आहे. माझ्या माहेरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वडांची कमान होती. रुंदीकरणात ती गेली, आणि त्यानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा एसटीतून उतरल्यावर आपण कुठे उतरलो तेच मला कळेना. टॉल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत म्हटलंय की तो दहा वर्षांचा व्हायच्या आतच त्याच्या लहानपणचा परिसर उद्ध्वस्त होत चालला होता. तळ्याकाठची, एकेकाळी भरभराटीची पिठाची गिरणी मोडकळीला आलेली त्याने चित्रात पाहिली, त्याबद्दलही तो लिहितो. त्याच प्रस्तावनेत तो सांगतो की १९१८ पर्यंत त्याच्या जवळच्या मित्रांपैकी एकच जिवंत उरला होता. तो स्वतः १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होता. युद्ध जिंकूनही घर परत मिळत नाही, हे त्याने ऐकीव लिहिलेलं नाही. त्यामुळे ते प्रकरण मला शेपटासारखं जोडलेलं कधीच वाटलं नाही. मेरी आणि पिप्पिन इतकं सगळं सोसून कोण झाले, ते तिथेच कळतं. आणि सॅम एल्फांच्या स्वामिनीने, गॅलाड्रिएलने, दिलेली माती चिमटीचिमटीने गावभर टाकत फिरतो, तोडलेल्या झाडाच्या जागी तिने दिलेलं बी रुजवतो. ते हिरवं बघायला तू सिनेमात थांबली होतीस ना?

सिनेमावाल्यांशी टॉल्किनची गाठ तो हयात असताना पडली होती. १९५८ साली त्याच्यापुढे एक पटकथा आली, आणि तिच्यावर त्याने कागदावर कागद भरून शेरे लिहिले. वाईट सिनेमे फसतात ते मूळ कथेचा गाभा कुठे आहे हे न ओळखल्यामुळे, अतिशयोक्ती आणि भलतंसलतं आत घुसवल्यामुळे, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, आयुष्यभर वडिलांचे कागद संपादित केले. २०१२ च्या एका मुलाखतीत तो जॅक्सनच्या सिनेमांबद्दल म्हणाला की त्यांनी पुस्तकाची आतडी काढून पंधरा ते पंचवीस वयाच्या पोरांसाठी मारधाडीचा सिनेमा बनवला. हे मला जास्त कडवट वाटतं. नुसत्या मारधाडीत गॉलम असा उभा राहिला नसता. पण त्याचं दुखणं कुठलं, ते मला बरोबर कळतं, आणि तुलाही कळलंय.

तेव्हा मैत्रिणींशी बोलताना पुरस्कारांवर बोलू नकोस. ते पुरस्कार बहुतेक ज्यांच्या हाताचे होते त्यांना मिळाले: वेशभूषा, संगीत, संकलन, दृश्यं. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. तू त्यांना फॅरामीरचं प्रकरण वाचून दाखव, तो हसायला लागतो तिथपर्यंत. मग पायऱ्यांवरचं. तेवढं ऐकूनही त्यांना सिनेमाच जवळचा वाटला, तर वाटू दे. ज्यांच्या मनात आधी सिनेमाच गेला त्यांचं त्याच्यावरचं प्रेमही खरंच असतं. पण तू आपलं मत मऊ करून सांगू नकोस. ‘तसा चांगला होता’ असं म्हणून सुटका करून घेऊ नकोस, तुला तसं वाटत नसेल तर.

एका बाबतीत मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. अ‍ॅरागॉर्न गोंडोरच्या गादीचा वारस असूनही राज्य घ्यायला कचरतो, म्हणून तोही बिघडवला असं तू म्हणालीस. पुस्तकातला अ‍ॅरागॉर्न पहिल्यापासून मोडलेली तलवार जवळ बाळगतो, त्याला आपण कोण हे ठाऊक असतं, हे खरं. पण सिनेमातलं त्याचं कचरणं मला खोटं वाटलं नाही. सत्तेला घाबरणारा राजा या कथेत बसतो. याउलट फॅरामीरच्या बापाचा, गोंडोरचा कारभार पाहणाऱ्या डेनेथॉरचा, त्यांनी जो खादाड, वेडसर म्हातारा केला त्याला मी कधीच क्षमा करणार नाही. आपल्या जादूच्या गोळ्यात शत्रूने दाखवलं तेवढंच बघून खचलेला तो केवढा मोठा, केवढा हुशार माणूस होता!

पुस्तकातल्या टॉम बॉम्बाडिलला पूर्णच वगळलं, त्याचं मला काही वाटलं नाही. तुझं काय? पत्रानेच कळव, या गोष्टी फोनवर नीट होत नाहीत. आणि पुस्तक जपून परत आण, मधल्या नकाशाची घडी फाटत आली आहे.

तुझी,
आई